उलटं बसणारे गार्डसाहेब

आमच्या घरमालकांच्या न्हाणीघराला सिग्नल होता. दारावर ठोकलेली एक लाकडी पट्टी आणि तिला बांधलेली दोरी. आत जाणाऱ्यानं दोरी ओढून पट्टी आडवी करायची, बाहेर येताना ती खाली पाडायची. एकदा मी पट्टी पाडायला विसरले आणि तशीच दवाखान्यात ड्युटीवर निघून गेले. संध्याकाळी परत येते तर घरमालक, म्हणजे गार्डसाहेब, खांद्यावर पंचा टाकून ओसरीत बसलेले. सकाळपासून अंघोळ नाही. न्हाणीघर रिकामं आहे हे त्यांना तिथूनच दिसत होतं. त्यांच्या बायको, काकू, सांगून सांगून थकल्या होत्या. पण ते जागचे हलले नाहीत.

"सिग्नल पडल्याशिवाय गाडी आत घेता येत नाही, सिस्टर," ते मला म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. मी पट्टी पाडली, तेव्हा ते उठले आणि अंघोळीला गेले.

सगळी नोकरी त्यांनी छोट्या लाइनवर मालगाडीचे गार्ड म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर जऊळक्याच्या अलीकडच्या एका गावात घर बांधलं. रेल्वेची शिट्टी ऐकू येईल एवढ्या अंतरावर, हे त्यांनी जागा घेतानाच पाहिलं होतं. शिट्टी ऐकली की ते हातातला घास थांबवून घड्याळ बघत आणि "लेट" किंवा "राइट टाइम" एवढंच म्हणून पुन्हा जेवू लागत. बहुतेक वेळा लेटच असे. तेव्हा त्यांना जेवण गोड लागत नसे.

मी नुकतीच नर्स म्हणून तिथल्या सरकारी दवाखान्यात लागले होते. आमच्या घरातली पहिली पगारदार मीच. खोली शोधताना गावानं मला बरीच पायपीट करायला लावली. कुणी सरळ नाही म्हणत नव्हतं. आडनाव ऐकलं की खोलीत धान्य भरलेलं निघे, नाही तर भाचा शिकायला येणार असे. गार्डसाहेबांच्या दारात गेले तेव्हा मी आधीच चिडलेली होते. म्हटलं, यांनी विचारण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं. "आम्ही बौद्ध आहोत. खोली द्यायची असेल तर सांगा, नाही तर पुढं जाते."

त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "डब्यात कोन बसते ते गार्डानं पुसाचं नसते. सामान किती हाय?"

"एक ट्रंक."

"मंग आन. ही वेटिंग रूम हाय. बदली झाली, लगन झालं, का जाजो आपल्या गाडीनं."

मी त्या वेटिंग रूममध्ये पाच वर्षं राहिले. तसं सुख मला पुढं स्वतःच्या घरातही क्वचितच मिळालं.

त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते उलटे बसत. मालगाडीचा गार्ड सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटा असतो आणि त्यानं मागं राहिलेल्या रुळांवर नजर ठेवायची असते, म्हणे. ती सवय हाडात मुरलेली. बैलबंडीत बसले तरी तोंड मागं. शेलूबाजारला जायच्या जीपमध्ये सगळे पुढच्या सीटसाठी भांडत, हे मागच्या फळीवर रस्त्याकडं तोंड करून बसत आणि धूळ खात. एकदा गावातल्या एका वरातीत त्यांना मानानं नवरदेवाच्या बंडीत बसवलं, तर तिथंही ते पाठ फिरवून बसले. नवरीकडच्यांना वाटलं, रुसले. त्यांची समजूत काढायला अख्खा मांडव जमला. यांना कळेचना की काय झालं.

"समोरचं डायवर पाहाते," ते मला समजावून सांगत. "मागं काय सुटलं, काय पडलं, ते कोन पाहान?"

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं झालं.

काकूंचं माहेर केनवडकडचं. बापाच्या शेतात मोठी बांधीव विहीर होती आणि काकू लहानपणी भावांबरोबर तिच्यात उड्या मारत. पाचही भावांपेक्षा आपण तरबेज होतो, असं त्या सांगत. पण ते पोळ्या लाटता लाटता, पाठमोऱ्या. लग्न झालं आणि पोहणं संपलं. आमच्याकडं लेकरू म्हणून पोरगी विहिरीत पोहली तर कुणी काही म्हणत नाही. लग्न झालेल्या बाईनं पाण्यात उतरायचं ते धुणं धुवायला. सासरी निघताना बंडी त्या विहिरीपाशी आली, तेव्हा नवी नवरी म्हणाली, "आता हे बंद." गार्डसाहेब अर्थात बंडीत उलटे बसलेले. विहीर दिसेनाशी होईपर्यंत दोघंही तिच्याकडं बघत राहिले. मग नवरदेवानं शब्द दिला, "मी सोय करून देईन."

सोय काही झाली नाही. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पाणी असायचं ते इंजिनाला. माणसांनी घागरीत भागवायचं. बदल्या झाल्या त्या एकाहून एक कोरड्या स्टेशनांवर. हा शब्द त्यांच्या मनात कायम कुठेतरी खुपत होता, हे मला त्यांनीच सांगितलं. काकू मात्र म्हणत, "मी तं तवाच इसरली. यायलेच आठोते."

मग दुष्काळ पडला. गावाबाहेर धरणाचं काम निघालं. पुढच्या पावसाळ्यांत धरण भरलं आणि पाण्याच्या मधोमध एक टेकडी उरली. वर थोडे पळस, एक मोठा हिवर, आणि काळ्या दगडांचा उतार थेट पाण्यात गेलेला. काठावरून पाहिलं तर पलीकडच्या अंगाला काय चाललंय ते कुणालाही दिसू नये, अशी ती टेकडी होती. गार्डसाहेबांनी ती पाहिली आणि त्याच दिवशी ते सुताराकडं गेले.

सुतारानं जन्मभर बंड्या केलेल्या. नाव त्यानं कधी जवळून पाहिलीही नव्हती. त्यानं आपल्या अकलेनं जे केलं ते चाकं काढलेल्या बंडीसारखंच दिसत होतं. बैल हाकणारा धुरकरी बसतो तशी पुढं जागा होती, आणि बाजूला खुंट्यासुद्धा ठोकल्या होत्या. बाहेरून डांबर फासलं. पहिल्याच दिवशी ती पाण्यात सोडली तर स्वतःभोवती गोल गोल फिरू लागली. गाव काठावर हसायला जमलं होतं. शेवटी भोयांची सकू, जिचा जन्म डोंग्यात मासे धरण्यात गेलेला, ती म्हणाली, "साहेब, हिले बैल नाही, वल्हं लागते." वल्हं तिनंच आणलं आणि तेव्हापासून तीच आमची ड्रायव्हर झाली.

नावेला ते नाव म्हणत नसत, गाडी म्हणत. दर रविवारी सकाळी गाडी सुटे. प्रवासी फक्त बायका. काकू, मी, सुताराची बायको आणि शेजारच्या पाटलीणबाई. वल्ह्यावर सकू. सगळ्यात मागं, काठाकडं तोंड करून, गार्डसाहेब. अंगात नोकरीतला काळा कोट, हातात हिरवं आणि लाल निशाण, गळ्यात शिट्टी, आणि कोटावरून कमरेला ट्रकची फुगवलेली ट्यूब. कारण त्यांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भयंकर भीती वाटे. शेलूबाजारच्या पंक्चरवाल्यानं ट्यूब भरताना विचारलं होतं, "साहेब, गाडी कोनती?" तर हे म्हणाले, "मीच." नाव हलली की ते डोळे गच्च मिटत. मग गार्डाला डोळे मिटून चालत नाही हे आठवून पुन्हा उघडत.

टेकडीवर त्यांनी पिवळी पाटी रोवली होती. काळ्या अक्षरात 'टेकडी' आणि खाली, रेल्वेच्या प्रत्येक स्टेशनावर असते तशी, समुद्रसपाटीपासूनची उंची. आकडा माहीत नसल्यामुळं त्यांनी 'चौकशी चालू आहे' असं लिहून टाकलं होतं.

पोचल्यावर ते काठाकडच्या बाजूला, हिवराखाली, आमच्याकडं पाठ करून बसत. कुणी डोंगा घेऊन इकडं येताना दिसला की लाल निशाण हलवून शिट्टी मारत. येणारा मासेवाला घाबरून परत जाई. आम्ही पलीकडच्या उतारावर मोकळ्या. एवढा खटाटोप त्या माणसानं एकाच गोष्टीसाठी केला होता. काकूंनी पाण्यात उतरावं आणि पोहावं.

आणि काकू उतरत नव्हत्या.

त्याचं कारण पाटलीणबाई. तशा मनानं चांगल्या, पण त्यांनी सकाळी पाहिलेलं दुपारपर्यंत गावभर व्हायचं. त्यांना आणल्याशिवाय इतर घरांतून बायकांना परवानगी मिळत नसे आणि त्या आल्या की कुणाला पाण्यात मोकळेपणानं शिरता येत नसे. नुसतं फिरायला निघालो असं सांगायची तर सोयच नव्हती. म्हणून प्रत्येकीनं धुण्याचं बोचकं आणायचं, असा रिवाज पडला. टेकडीवर जायचं ते धुणं धुवायला. घरी नळ नव्हता, पण आड होता, नदी होती. तरी धुणं नावेतून बेटावर. काकू दगडावर बसून गार्डसाहेबांचं तेच एक धोतर इतकं धुवत की त्याच्या काठाचा रंगसुद्धा शिल्लक राहिला नव्हता.

पहिल्या खेपेला मी आपलं बोचकं घेऊन जरा लांब, एका बाजूला जाऊन बसले. आजीच्या गावी नदीवर आमच्या बायकांची जागा खालच्या अंगाला असे. वरचं पाणी दुसऱ्यांचं. विहिरीचं तर विचारूच नका. ते अंगात असं भिनलेलं होतं की नोकरी लागली तरी पाय आपोआप खालचं अंग शोधत. पाटलीणबाईही काही बोलल्या नाहीत. त्यांना ते बरोबरच वाटलं असावं. काकूंनी मान वर केली.

"तिकडं काहून जाऊन बसली व?"

"असंच."

"इकडे ये. नदीले वर-खाल असते. तलावाले कुठून आनू वर-खाल?"

पाटलीणबाईंनी एकदा तलावाकडं पाहिलं, सगळीकडून सारखंच ते पाणी, आणि सरकून मला दगडावर जागा दिली. त्या दिवशी मला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक इतकी लागली होती की आम्ही भाकरीचं फडकंच सोडलं.

मला पोहायला काकूंनी शिकवलं. कसं, तर काठावर बसून. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून त्यांनी मला कमरेएवढ्या पाण्यात पाठवलं आणि धोतर आपटता आपटता सूचना देत राहिल्या. "हात फाकव. पाय झटक. पान्याशी भांडू नोको, ते तुले धरूनच हाय." मी गटांगळ्या खाल्ल्या की त्यांचे हात धोतर सोडून हवेत पोहू लागत. बसल्या जागी खांदे हलत. सुताराची बायको हसून म्हणायची, "काकू, उतरा न व खाली." काकू पाटलीणबाईंकडं पाहून म्हणायच्या, "मले कुठचं येते आता, बाप्पा. इसरली मी."

परतल्यावर गार्डसाहेब काकूंना काही विचारत नसत. मला एकटीला गाठून, ओसरीच्या खांबाआड, हळूच विचारत.

"आज उतरली काय?"

"नाही."

"हं. सिग्नल नाही पडला. हरकत नाही, उभी राहू दे गाडी." आणि घड्याळाला किल्ली देत.

एकदा त्यांनी विचारलं, "सिस्टर, बाई मानूस पोवते तवा कसं दिसते?" त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. लग्नाआधी पाहण्याचा प्रश्न नव्हता आणि नंतर पोहणंच बंद झालं. आणि बेटावर तर त्यांनी स्वतःच स्वतःची पाठ आमच्याकडं करून ठेवलेली. काकू पोहल्या असत्या तरी त्यांना दिसणार नव्हत्याच. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "गाडी पोचली येवढं कयलं, तं बस. गार्ड काही इंजिन पाहात नाही."

मला त्यांचा फार लळा लागला होता. त्या दिवशी तर मी काकूंवर मनातून चिडलेच.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढतात. त्या रविवारी पाटलीणबाई घरातल्या यच्चयावत गोधड्या घेऊन आल्या. सुताराची बायको आपल्या घेऊन आली. आमच्या होत्याच. नावेत गोधड्यांचा ढीग आणि ढिगावर आम्ही, अशी वरात बेटावर पोचली. दिवसभर आम्ही त्या तुडवल्या. आभाळ भरून आलेलं. ऊन पडलंच नाही. दगडांवर पसरलेल्या गोधड्या संध्याकाळी काढल्या तेव्हा त्यांतून पाणी गळत होतं.

सकू म्हणाली, "साहेब, इथंच राहू द्या. उद्या घेऊन येतो मी."

पण नियम तो नियम. "पॅसिंजर एका गाडीनं अन् लगेज दुसऱ्या गाडीनं, असं नाही चालत," गार्डसाहेब म्हणाले, आणि घड्याळ पुढं केलं. गाडी सुटायची वेळ झाली होती. पाटलीणबाईही सासूच्या लुगड्यांची गोधडी उघड्यावर टाकून यायला तयार नव्हत्या. सगळं भरलं. येताना कोरड्या होत्या, जाताना ओल्या आहेत, एवढी साधी गोष्ट सकू सोडून आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आली नाही. बंडीत कितीही भरलं तरी बंडी बुडत नाही ना. आम्ही बाकीच्या सगळ्या बंडीत वाढलेल्या.

मधोमध आलो तेव्हा माझ्या मांडीला गार लागलं. पाहते तर नावेचा काठ आणि पाणी यांत चार बोटांचं अंतर. पाणी फळ्यांतूनही येत होतं. सुताराची बायको डालड्याच्या डब्यानं उपसू लागली. नवऱ्याच्या कामाला नावं ठेवायची ती वेळ नव्हती, तरी तिनं ठेवली.

सकूनं वल्हं थांबवलं. "साहेब, वझं कमी करा. नाही तं बुडते."

"गोधड्या टाका," मी म्हटलं.

पाटलीणबाईंनी सासूची गोधडी छातीशी धरली. "मले टाका, पन हे नोको."

गार्डसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी शिट्टी मारली. ऐकायला कुणी नव्हतं. त्यांनी लाल निशाण उघडलं आणि ते कुणाला दाखवावं हे न कळून तसंच धरून राहिले.

काकू मात्र शांत होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. लुगड्याचा काष्टा खेचून घट्ट केला, पदर कमरेला खोचला. "हला जरा, अवो," गार्डसाहेबांना म्हणाल्या, आणि बाजेवरून उतरावं तशा त्या मागच्या बाजूनं पाण्यात उतरल्या. काकू अंगानं भरलेल्या. नाव चांगली वर आली. सकूनं एकदा मागं पाहिलं आणि वल्हं मारलं.

गार्डसाहेबांनी धडपडत कमरेची ट्यूब काढली आणि त्यांच्याकडं फेकली. काकूंनी ती डोक्यानंच परत ढकलली. "तुमीच ठेवा. तुमालेच लागन."

आणि मग त्या पोहू लागल्या.

मी पाहिलंय ते. पाणी कुठं उडत नव्हतं. एक हात पुढं, मग दुसरा, मान एका बाजूला. धोतर धुताना हवेत हलायचे तेच खांदे. पण आता त्यांना जागा मिळाली होती. चेहऱ्यावरचं वय कुठं गेलं कोण जाणे. नाव हळू चालली होती म्हणून त्या मध्येच उताण्या होत, आभाळ बघत, पुन्हा पालथ्या होऊन आम्हाला गाठत. आम्ही सगळ्या माना वळवून वळवून बघत होतो. एकट्या गार्डसाहेबांना मान वळवावी लागत नव्हती. ते आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीसारखे बसले होते आणि काकू बरोबर त्यांच्या समोर होत्या.

पाटलीणबाई गोधडी कवटाळून म्हणाल्या, "लय मस्त पोवता व काकू तुमी. मले काहून नाही सांगतलं?" पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःसाठी डालड्याचा डबा आणला, पण ते नंतरचं.

काठ जवळ आला. काठावर शेळ्यावाले उभे होते. काकूंनी ते पाहिलं, आणि मला वाटलं आता संपलं. पण त्या वळून पुन्हा आत गेल्या आणि एक मोठी फेरी मारून आल्या. सकूनं वल्हं वर उचलून धरलं. गाडी लेट होत होती. गार्डसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि न बघता परत ठेवलं. मघापासून हातात राहिलेलं लाल निशाण त्यांनी गुंडाळलं आणि हिरवं उघडलं. ते त्यांनी नीट, नियमाप्रमाणं, खांद्याच्या वर धरलं.

काकू नावेच्या मागं येऊन थांबल्या. केस गालाला चिकटलेले, धाप लागलेली. नवरा आपल्याकडं टक लावून पाहतोय, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. एकदम लाजल्या.

"काय पाहून राह्यले माह्याकडे?"

"ड्युटी हाय," गार्डसाहेब म्हणाले. "गार्डाले मागंच पाहा लागते."

काकूंनी त्यांच्या काळ्या कोटावर ओंजळभर पाणी उडवलं.

त्यानंतर मी तिथं होते तोवर, परतीच्या गाडीत काकूंनी कधी जागा अडवली नाही.